चिजांच्या तीन प्रती

आमची नाटक कंपनी सोलापुरात बुडाली. बोलपट आले आणि आमच्या तंबूत माणसं येईनाशी झाली, एवढंच. कंपनी मोडल्यावर मला रंगभूमीची, टाळ्यांची, भरजरी शालूंची आठवण येईल असं लोकांना वाटे. खरं सांगायचं तर मला सर्वांत जास्त आठवण आली ती मॅनेजरची.

हा मॅनेजर काखेत कातडी बॅग मारून दिवसभर फिरायचा. रेल्वेचा डबा ठरवायचा, थिएटर पाहायचा, परवाने आणायचा, जाहिराती छापायचा, मामलेदारापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या पाया पडायचा आणि परत आला की आम्ही नट मंडळी त्याची टर उडवायचो. त्याला गाण्यातलं काही कळत नाही, यावर आमचं एकमत होतं. तो काय करतो हे मात्र आम्हांला कुणालाच कळत नव्हतं. ते कळायला मला स्वतःला बॅग घ्यावी लागली.

मी सोलापुरातच राहिलो. नवी पेठेच्या मागच्या बोळात दोन खोल्या घेतल्या. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही नवराबायको आणि दोन तंबोरे. कंपनीत जाण्यापूर्वी मी कृष्णाकाठच्या एका संस्थानी गावात खाँसाहेबांकडे सात वर्षं शिकलो होतो. गळा तयार होता. तबल्याला मंगळवार पेठेतला एक चांगला माणूस मिळाला, पेटीला गिरणीतला एक कारकून. आता आपण कुणाचे चाकर नाही, सकाळी गावं आणि बोलावतील तिथं जावं, असा माझा हिशेब होता.

सकाळी नऊला पोस्टमन यायचा. तंबोरा जुळून नुकता कुठे षड्ज लागलेला असायचा, आणि दाराखालून पाकिटं आत यायची. कुणा वकिलाच्या मुलाची मुंज, त्यांना विचारायचं होतं की बुवा किती माणसं आणणार, कांदा चालतो का आणि नाट्यपदं म्हणतात की नुसतंच रागदारीचं. कुणा देवस्थानाच्या पंचांना माझा फोटो हवा असायचा. कुणाला प्रशस्तिपत्रांच्या नकला. एकदा तर एकाने मी व्यसनी नाही असं एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाकडून लिहून आणायला सांगितलं होतं. प्रत्येकाला उत्तर द्यायचं, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक’. ज्याचं तोंड मी पाहिलेलं नाही, ज्याला यमन आणि भूप यांतला फरक माहीत नाही, त्याचा मी आज्ञाधारक. दिवसातून पाच-सहा वेळा हे लिहिलं की जेवणावरची वासना जायची.

शिवाय मला ते जमतही नव्हतं. एकदा सांगोल्याच्या एका व्यापाऱ्याला आणि अक्कलकोटच्या एका मठाला मी एकाच गुरुवारचा होकार कळवून बसलो. शेवटी सांगोल्याला तार केली की घसा बसलाय. त्या व्यापाऱ्याचा मेहुणा नेमका अक्कलकोटला दर्शनाला आलेला होता. त्यानं मला तिथं तीन तास गाताना ऐकलं, संपल्यावर जवळ येऊन माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “बरा झाला की लगेच.” तो माणूस वाईट बोलला नव्हता. मीच खोटा होतो, आणि तेही एका पोस्टकार्डापायी.

बायको एका शाळामास्तरांची मुलगी. मराठी सहावीपर्यंत शिकलेली. अक्षर मोत्यासारखं. ती म्हणाली, “अहो, पत्रं मी लिहीत जाऊ का? तुम्ही नुसतं सांगा.”

“नको,” मी म्हणालो. “बुवांची पत्रं बायको लिहिते असं झालं तर लोक हसतील.”

“आता हसत नाहीत?” ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

त्या वर्षी दिवाळीनंतर स्वतःचा तिकिटाचा जलसा करायचं मी मनावर घेतलं. मुंजी-बारशात गाऊन कंटाळलो होतो. थिएटर ठरलं. जाहिरात छापायला गेलो तर छापखान्याच्या मालकानं मजकूर वाचून नाक मुरडलं. “बुवा, ह्यात ओढ काय? कशाला यावं माणसानं?” मग त्यानंच पेन्सिलीनं माझ्या नावाआधी दोन पदव्या घातल्या, ज्या मला कुणी दिल्या नव्हत्या, आणि खाली ठळक ओळ घातली: ‘आजवर कुणीही न ऐकलेल्या खास चिजा.’

त्या पदव्या मला रुचल्या नाहीत. पण मी खोडल्या नाहीत. खालची ओळ तर मला आवडली, कारण ती खरी होती. खाँसाहेबांनी मला तीन चिजा दिल्या होत्या, त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या. दोन ख्याल आणि एक तराणा. शिकण्याच्या सहाव्या वर्षी एका श्रावणात, दार लावून, महिनाभर तोंडी शिकवल्या. कागद-पेन्सिल जवळ ठेवू दिली नाही. अट एकच घातली. “गा हव्या तिथं. पण देऊ नको कुणाला. घरातल्या माणसालासुद्धा नाही. मला विचारल्याशिवाय नाही.” मी त्यांच्या पायाला हात लावून कबूल केलं होतं.

जाहिराती भिंतींवर लागल्या आणि मला कचेरीतून बोलावणं आलं. सोलापुरातला मार्शल लॉ उठून पाच वर्षं झाली होती, पण गावात चार माणसं जमायची म्हटलं की अजून वरपर्यंत कागद जात. परवान्याचा अर्ज मी दिलाच होता. कचेरीतल्या कारकुनासमोर तो होता आणि त्यावर माझी जाहिरात टाचणीनं टोचलेली होती.

“बसा बुवा,” कारकून म्हणाला. चाळिशीचा, पानानं ओठ लाल झालेला, सभ्य माणूस. “ह्या न ऐकलेल्या चिजा म्हणजे कोणत्या?”

“रागदारीच्या आहेत.”

“ते झालं. शब्द काय आहेत? कुणीच ऐकल्या नाहीत म्हणता, मग त्यात काय आहे ते आम्हांला कसं कळणार? मध्येच काही देशाबिशाचं म्हणालात तर नोकरी माझी जायची.”

मी सांगितलं, एकीत सासू-नणंदेची तक्रार आहे, दुसरीत वाऱ्याला निरोप आहे, तिसरा तराणा आहे, त्यात शब्दच नाहीत.

“शब्द नाहीत तर मग म्हणता काय?”

मी तराण्याचे बोल सांगितले. दिर दिर, तानोम, तदियनरे. तो लिहून घेता घेता थांबला. त्यानं शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं. “ह्याचा अर्थ?”

“अर्थ नाही.”

“असं कसं, बुवा? साहेब विचारतील. ही काही सांकेतिक भाषा नाही ना?” तो थट्टा करत नव्हता. तोंडातला रस सांभाळत, मान मागे टाकून, अगदी मनापासून विचारत होता. “असं करा. तिन्ही चिजा स्वच्छ अक्षरात, अर्थासह, तीन प्रतींत आणून द्या. एक साहेबांकडे, एक फौजदाराकडे, एक दप्तराला. परवा संध्याकाळपर्यंत.”

मी जाहिरातीतली ती ओळ काढून टाकतो म्हणालो. तो म्हणाला, छापून भिंतीला लागल्यावर आता काढून काय उपयोग. आता काढलीत तर उलट संशय येईल.

घरी येऊन मी दार लावलं आणि लिहायला बसलो. पहिली ओळ लिहायला घेतली. खाँसाहेब शिकवताना तोंडाजवळ तोंड आणायचे, त्यांच्या श्वासाला वेलदोड्याचा वास असायचा, तो वास आला मला. आणि समोर कचेरीचा तांबूस कागद. गळ्यात असताना ती ओळ केवढी मोठी होती. कागदावर चार शब्दांची झाली. मला वाटलं, हे कुणाला दाखवायची लाज वाटावी असं दिसतंय. कसंबसं तीनदा लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं.

कारकुनानं कागद उजेडाकडे धरला. “बुवा, हे अक्षर आहे की मुंग्या? साहेब माझ्या तोंडावर फेकतील. बाहेर अर्जनवीस बसतात, कुणाकडून तरी नीट लिहून आणा.”

बायको म्हणाली, “मी देते की लिहून. तासाभराचं काम.”

मी म्हणालो, “ह्या तेवढ्या नाही. ह्या घरातल्या माणसालासुद्धा द्यायच्या नाहीत असं खाँसाहेबांना वचन आहे.”

“आणि अर्जनवीसाला दिल्या तर चालतात?”

“त्याला काय कळतंय गाण्यातलं?” मी म्हणालो. हे वाक्य माझं जुनंच होतं. पूर्वी मॅनेजरबद्दल बोलायचो.

कचेरीबाहेर लिंबाखाली अर्जनवीस बसायचा. पुढ्यात उतरती पेटी, मांडीखाली पोतं. बाजूला टांग्याची घोडी उभी, त्यांच्या मुताचा ओहोळ वळसा घेत पोत्याच्या कडेनं गेलेला. जमिनीच्या तंट्याचे, वारशाचे, मारामारीचे अर्ज लिहून घ्यायला खेड्यातली माणसं उकिडवी बसली होती. त्यांत माझा नंबर लागला. “सांगा, बुवा,” तो म्हणाला.

मी सांगत गेलो. श्रावणात दार लावून घेतलेली चीज मी घोड्यांच्या शेपट्यांसमोर, माश्या वारत, एकेक शब्द तोडून सांगत होतो. तो लिहायचा आणि प्रत्येक शब्द मोठ्यांदा परत म्हणायचा. सासू, नणंद आली तेव्हा उकिडवी बसलेली माणसं हसली. एक म्हातारा म्हणाला, “आमच्या घरात बी हेच हाय की.” पुन्हा हसले. ‘पवनवा’, म्हणजे वारा, हा शब्द अर्जनवीसानं ‘पावनवा’ असा लिहिला. मी चूक दाखवली, तर म्हणाला, “ते कुटं तुटतं ते समजंना. म्हणून दावा की जरा.”

आणि मी म्हणून दाखवलं. एक ओळ, हलक्या आवाजात, चालीवर. रस्त्यावर. का म्हणालो ते मला आजही कळत नाही. लवकर सुटावं म्हणून असेल. त्यानं मान डोलावली, “लई गोड हाय,” म्हणाला, आणि चूक तशीच ठेवली. तराण्याचा अर्थ म्हणून त्यानं आपल्याच मनानं लिहिलं: ‘देवाच्या भक्तीपर शब्द, सरकारविरुद्ध काही नाही.’ मी सही केली.

परवाना मिळाला. जलसाही झाला. थिएटर भरलं होतं. लोक मला सांगत की त्या दिवशी मी फार चांगलं गायलो. मला गाणं आठवत नाही. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवरून दोन गिरणीमालकांच्या माणसांत झालेला तंटा आठवतो, तो मिटवायला मला तंबोरा खाली ठेवून जावं लागलं. आणि फौजदारानं पाठवलेला एक जमादार आठवतो. तो माझ्या चिजांची प्रत मांडीवर घेऊन अगदी पुढे बसला होता आणि ओळीखालून बोट फिरवत होता. मी मुखडा चौथ्यांदा घेतला तेव्हा त्याचं बोट अडलं. त्यानं कागद उलटून पाठीमागे काही लिहिलंय का ते पाहिलं, आणि काहीच नाही म्हटल्यावर माझ्याकडे रागानं पाहिलं. मी एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणतोय म्हणजे नक्कीच काहीतरी लबाडी करतोय, असं त्याला वाटलं असावं. उरलेला सगळा वेळ मी त्या बोटाला गाऊन दाखवत होतो.

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली. आम्ही दोघं सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन दुकानांतून हिंडत होतो. पाळणे, मिठाई, बांगड्या, आणि एका बाजूला पेट्या, टाळ, तुणतुणी विकणारा. त्याच्या फळीवर पातळ पुस्तकांची चळत होती. बायकोनं सहज एक उचललं. दोन पानं उलटली आणि माझ्या हातात दिलं.

‘अस्सल घराण्याच्या गुप्त चिजा.’ आत पहिल्या तीन पानांवर माझ्या तीन. म्हणजे खाँसाहेबांच्या. स्वस्तातला करडा कागद, शाई पलीकडे उतरलेली. वाऱ्याच्या चिजेत ‘पावनवा’ होतं. तराण्याखाली छापलं होतं: ‘देवाच्या भक्तीपर शब्द.’

सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठाशी जाऊन मी ओकलो. दर्शनाला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून बाजूनं जात होत्या. बायकोनं पाठीवर हात ठेवला होता. मी तो झटकला.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. अर्जनवीस पोतं झटकत होता. मी पुस्तक त्याच्या पेटीवर टाकलं.

“व्हय,” त्यानं पाहून सांगितलं. “पुस्तकवाला हिंडत आला हुता. नव्या काय चिजा हायत का म्हनाला. म्या दिल्या.”

“माझ्या चिजा? कुणाला विचारून?”

“इचारायचं काय त्यात? तीन परती काढायच्या तर कार्बनचा निळा कागद घालावाच लागतो, एकदा घातला की चार निगत्यात. चौथी पडून हुती.” त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मी चिडलोय हे त्याला आता कळलं. “तुमी ह्या कुनाला दिऊ नगा असं म्हनाला न्हाईत, बुवा. म्हनला असता तर न्हाई दिल्या असत्या. लोक जमिनीचं कागद माझ्याकडं टाकून जात्यात, एक इकडचा तिकडं झाला न्हाई.”

“काय मिळालं तुला?”

“च्या पाजला त्यानं.”

मी त्याला मारायला हात उचलला होता, तो तसाच खाली आला. तो खरं बोलत होता. मी काहीच सांगितलं नव्हतं. घाईत होतो. असल्या कामाची मला किळस होती, ते लवकर कुणाच्या तरी गळ्यात मारून मला घरी जायचं होतं. माझ्या वचनाची राखण मी एका अनोळखी माणसावर टाकली, आणि राखण आहे हेही त्याला सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी बायकोला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, चुलीवरचं दूध उतरवलं. मग म्हणाली, “अहो, त्या मला पाठ आहेत. तिन्ही.”

“कशा?” मी विचारलं.

“दोन खोल्या आपल्या. रोज पहाटे तुम्ही गाता, मी चूल पेटवते. चार वर्षं ऐकतेय. ‘पवनवा’ कुठे तुटतो तेही ठाऊक आहे मला. तुम्ही लिहू नको म्हणालात म्हणून लिहिलं नाही. नाहीतर तुमच्याआधी लिहून झालं असतं, आणि कागद मोजून तीनच निघाले असते.”

त्या दिवशी मला माझी जेवढी शिसारी आली तेवढी त्या कारकुनाची, जमादाराची, छापखानेवाल्याची, कुणाचीच आली नव्हती.

खाँसाहेबांना पत्र लिहावं असं एकदा मनात आलं. मग स्वतःच गेलो. ते आता सत्तरीच्या पुढे होते. डोळ्यांत सारा पडून दिसेनासं झालं होतं. त्यांचे धाकटे भाऊ त्या साली वारले होते आणि घरात एक विधवा सून तेवढी उरली होती. मी पायाशी पुस्तक ठेवलं आणि सांगितलं. काही लपवलं नाही, लिंबाखाली गायलो तेही सांगितलं.

“वाच,” ते म्हणाले.

मी वाचलं. ‘पावनवा’ आला तसाच वाचला. त्यांनी डोळे मिटले होते. तराण्याखालचं वाक्य वाचल्यावर त्यांनी हात वर करून थांबवलं.

“रस्त्यावर दिल्यास?”

“जी.”

“ठीक आहे. दिलेली वस्तू आपली नसते, बेटा. आजपासून ह्या तीन तू गायच्या नाहीत. माझ्या हयातीत नाही, नंतरही नाही. बाकी गा. पुष्कळ दिलंय तुला.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. एखाद्यानं उसना दिलेला लोटा परत मागावा तसं त्यांनी मागून घेतलं आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी जेवण सांगितलं.

जेवण झाल्यावर म्हणाले, “आलायस तर एक काम कर. दरबारातून महिन्याचं येत होतं ते बंद झालंय. अर्ज करावा लागेल म्हणतात. माझा भाऊ करायचा हे. त्याच्या ट्रंकेत जुने असतील, ते पाहून तसाच लिही.”

ट्रंक उघडली. तीस वर्षांच्या अर्जांच्या नकला होत्या, सुतळीनं बांधलेल्या. भावानं मराठीत लिहिलेल्या, कारण दरबारचं दप्तर मराठी. नमुना म्हणून मी एक मोठ्यांदा वाचायला घेतला. ‘हुजुरांच्या पायांची धूळ मस्तकी धरून विनंती की, माझा वडील बंधू निरक्षर व अजाण असून गाण्याखेरीज कोणत्याही कामास निरुपयोगी आहे, हुजुरांनी अन्न दिले नाही तर तो रस्त्यावर भीक मागेल…’ मी थांबलो.

“पुढे?” खाँसाहेब म्हणाले.

“असंच आहे.”

“दुसरा वाच.”

दुसऱ्यातही तेच होतं. तिसऱ्यात त्यांना दम्याचा आजार आहे असं लिहिलं होतं. दमा त्यांना कधीच नव्हता. चौथा मी वाचला नाही. ज्या माणसापुढे मोठमोठे गवई मान खाली घालत, त्याला तीस वर्षं कागदावर असा दाराशी बसवला होता, आणि बसवणारा त्याचा सख्खा भाऊ, त्याला पोसण्यासाठी. भावाबद्दल मला काय वाटावं तेच समजेना. हे सगळं त्यानं कधी घरात बोलून दाखवलं नव्हतं.

खाँसाहेबांनी भिंतीकडे तोंड केलं. “मी त्याला म्हणायचो,” ते म्हणाले, “तुझ्या गळ्याला सूर लागत नाही, तू काम काय करतोस दिवसभर?”

मग पाठ ताठ करून म्हणाले, “लिही. तसंच लिही. धूळ वगैरे सगळं.”

मी लिहिलं. एकेक शब्द तोंडात कडू होत होता. त्यांनी माझ्याकडून सगळं पुन्हा वाचून घेतलं, दम्याचं तेवढं खोडायला लावलं आणि खाली उर्दूत सही केली. ती सही कागदाबाहेर चौरंगावर गेली. अर्ज मंजूर झाला असं सुनेनं चार महिन्यांनी कुणाकडून तरी कळवलं. पुढच्या वर्षी खाँसाहेब गेले.

सोलापुरात परत आलो त्या दिवशी मी कातडी बॅग बायकोच्या पुढ्यात ठेवली. “आता तू बघ,” म्हणालो. लोक हसतील हा विचार मनात आला, पण तेवढं त्राण उरलं नव्हतं. तिनं सगळे कागद जमिनीवर पसरले, गावांप्रमाणे लावले, आणि पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं की मागल्या वर्षात मी सात पत्रांना उत्तरंच दिली नव्हती आणि तीन जणांना दोनदा दिली होती. नवी वही केली. तबलजींना आणि पेटीवाल्यांना कुठल्या दिवशी कुठे जायचं ते महिनाभर आधी कळू लागलं. तबलजी मला म्हणाले, “बुवा, अब आदमी के माफिक चल रहा है.”

कचेरीतला अर्जही तीच लिहायची. मी नुसता नेऊन द्यायचो. तिकिटाचा जलसा मी पुढे दोनदाच केला. जाहिरातीत माझं नाव, वेळ आणि जागा, याहून एक अक्षर जास्त नाही असं ती छापखान्यात स्वतः उभं राहून बजावून आली. गर्दी कमी झाली. मुंजी आणि मठ होतेच. शिकवण्या धरल्या.

त्या तीन चिजा मी गायलो नाही. पहाटे बसलो की पहिले काही महिने गळा आपोआप तिकडे वळायचा आणि मी ओठ आवळून घ्यायचो. बायको चुलीपाशी असायची. तिला कळायचं. एकदा मी तिला म्हणालो, तुला पाठ आहेत तर तू म्हण कधीतरी, तुला कुणी मनाई केलेली नाही. ती म्हणाली, “मला गाता येत नाही. मला नुसत्या येतात.”

पत्रांचा वीट मला शेवटपर्यंत आला तो आलाच. दुसऱ्या कुणी लिहिली म्हणून त्यातला मजकूर बदलत नव्हता; कांद्याचं विचारणारे विचारतच होते. फक्त ‘आज्ञाधारक’ तिनं काढून टाकलं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. एका संस्थानातून एकदा लांबलचक पत्र आलं की दरबारापुढे गायचं असल्यास बुवांनी नामांकित लोकांची प्रशस्तिपत्रं, घराण्याचा दाखला आणि गावयाच्या चिजांची यादी अर्थासह आगाऊ पाठवावी. तिनं ते मला वाचून दाखवलं. मी काही बोलायच्या आत तिनं पोस्टकार्ड घेतलं आणि दोनच ओळी लिहिल्या: पत्र पोचले, बुवा सोलापुरात असतात, ऐकावेसे वाटल्यास बोलवावे, यादी व दाखले आमच्याकडे नाहीत. मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि तिकीट चिकटवलं.

उत्तर आलं नाही.